निवृत्तीनंतर चित्रपटाची शाळा

साठी आली कीं बुद्धि नाठी होते, अशी म्हण आपल्याकडे पूर्वापार चालत आली आहे. तिचा परिणाम असा झाला आहे कीं, नोकरींतून मोकळा झालेला किंवा शेतीचा कारभार मुलांच्या हातीं सोंपविलेला गृहस्थ कांहीं नवीन शिकूं लागला, तर घरचीं माणसें आधीं हंसतात व मग काळजींत पडतात. तो भजनास गेला तर कोणी हंसत नाहीं. नातवंडें खेळवीत बसला तर कौतुकच होतें. परंतु तो पाटी घेऊन शाळेंत निघाला कीं गांवभर चर्चा सुरू होते. त्यांतून ती शाळा चित्रपटाची असली तर बोलावयासच नको! म्हाताऱ्याला या वयांत नट व्हावयाचें आहे काय, हा पहिला प्रश्न ठरलेला.

हा प्रश्न आम्हांस स्वतःस ऐकावा लागला आहे, म्हणून त्याचें उत्तर सावकाशपणें देण्याचें आम्हीं योजिलें आहे. शेतकी खात्यांतील नोकरी संपवून वयाच्या ५८ व्या वर्षीं आम्ही निवृत्त झालों व पुढें दोन वर्षांनीं पुणें शहरांत एका अल्पकालीन वर्गांत चित्रणाचे धडे गिरविले. शेतीच्या मासिकांत चित्रपटाचें काय काम, असेंहि कोणी म्हणेल. त्यास आमचें इतकेंच सांगणें आहे कीं, लेख शेवटपर्यंत वाचावा व मग निवाडा द्यावा.

पुण्यांतील विद्यास्थान

पुण्यास लॉ कॉलेज रस्त्यावर फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट ही केंद्र सरकारची संस्था आहे. ती १९६० मध्यें स्थापन झाली. परंतु तिची जागा तिच्याहून जुनी व मानाची आहे. १९२९ मध्यें कोल्हापुरास निघालेली प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्यें पुण्यास आली, आणि ‘संत तुकाराम’, ‘कुंकू’, ‘माणूस’, ‘शेजारी’ हे तिचे चित्रपट याच आवारांत निर्माण झाले. त्यांपैकीं ‘संत तुकाराम’ हा १९३६ चा. १९३७ मध्यें इटलींतील व्हेनिस येथील महोत्सवांत त्याचा गौरव झाला. प्रभात बंद पडल्यावर तें आवार सरकारनें घेतलें व तेथें ही शाळा उघडली. आवारांत आंब्याचें एक झाड आहे. विद्यार्थी त्यास ज्ञानवृक्ष म्हणतात, आणि वर्गांत जितकें शिकणें होतें तितकेंच त्याच्या सावलींतील वादविवादांत होतें, असें त्यांचें म्हणणें आहे. आंब्याखालची शाळा शेतकऱ्यास परकी वाटण्याचें कारण नाहीं.

त्याच भागांत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. तें १९६४ मध्यें स्थापन झालें व २०२२ मध्यें राष्ट्रीय चित्रपट विकास निगमांत सामील करण्यांत आलें. जुन्या चित्रफिती शोधून, स्वच्छ करून, थंड जागीं जपून ठेवणें हें त्याचें काम होय. आपण बियाणें ज्या काळजीनें ठेवतों, त्याच काळजीनें तेथें चित्रफिती ठेवाव्या लागतात; हवा दमट लागली तर दोहोंचाहि नाश ठरलेला.

निवृत्त मनुष्यास या विद्येचे तीन दरवाजे आहेत. पहिला दरवाजा दीर्घ अभ्यासक्रमाचा. त्यास पदवी हवी, प्रवेशपरीक्षा हवी, वर्षानुवर्षें पुण्यास राहण्याची तयारी हवी. रात्रीअपरात्रीं चित्रणहि करावें लागतें. ज्याची प्रकृति व शिल्लक दोन्ही भक्कम असतील त्यानेंच तो ठोठवावा. दुसरा दरवाजा चित्रपट-रसास्वादाचा. ही संस्था व संग्रहालय यांनीं मिळून चालविलेला हा सुमारें महिन्याभराचा वर्ग अनेक दशकें चालत आला आहे. त्यांत चित्रपट करावयास नव्हे, तर पाहावयास शिकवितात. तिसरा दरवाजा अल्पकालीन वर्गांचा. २०१७ पासून संस्थेनें असे वर्ग पुण्यांत व इतर अनेक गांवीं भरविण्यास आरंभ केला. कांहीं दिवसांपासून कांहीं आठवड्यांपर्यंत त्यांची मुदत असते, आणि पटकथा, चित्रण, अभिनय, भ्रमणध्वनीवरील चित्रपट असे त्यांचे विषय असतात. या वर्गांस वयाची अट आहे ती खालची. अठरा वर्षें पुरीं झालेलीं असलीं म्हणजे झालें. वरची मर्यादा नाहीं. तारखा, शुल्क व नियम मात्र दर खेपेस जाहिरातींतून पाहून घ्यावेत. आमच्या मतें बहुतेक निवृत्तांस तिसरा दरवाजाच सोईचा, व ज्यास महिना काढतां येईल त्यास दुसरा.

वाटाण्याचा पहिला धडा

चित्रपटाचा आणि शेतीचा संबंध किती जुना आहे हें पाहावयाचें असेल, तर दादासाहेब फाळके यांच्याकडे वळावें. त्यांचा जन्म १८७० मध्यें त्र्यंबकेश्वरास झाला. मुंबईस ख्रिस्ताच्या चरित्रावरील मूकपट पाहून त्यांच्या मनांत चित्रपटाचा ध्यास शिरला तेव्हां त्यांनीं चाळिशी ओलांडली होती. छायाचित्रण, मुद्रण अशीं अनेक कामें त्यांनीं तोंवर केलीं होतीं. पदरीं मुलेंबाळें होतीं. आणि हातचा धंदा सुटलेला होता. चित्रपट पाहून पाहून व रात्रंदिवस प्रयोग करून मध्यंतरीं त्यांची दृष्टीहि गेली व उपचारांनीं ती परत आली. असा हा गृहस्थ विम्याचा कागद गहाण ठेवून १९१२ च्या आरंभीं, वयाच्या ४२ व्या वर्षांत, ही विद्या शिकण्यासाठीं विलायतेस गेला. हिंदुस्थानांत तेव्हां चित्रपटाची शाळा नव्हती. तेथील जाणत्यांकडे थोडे आठवडे शिकून व एक कॅमेरा विकत घेऊन ते परतले.

परत आल्यावर भांडवल उभें करण्यासाठीं लोकांस काय दाखवावें, हा प्रश्न होता. फाळक्यांनीं राजवाडा उभारला नाहीं, कीं नट गोळा केले नाहींत. त्यांनीं एका कुंडींत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा रोवला, आणि महिन्याहून अधिक काळ एकेक चित्र टिपीत राहिले. तीं चित्रें सलग दाखविलीं तेव्हां दाणा फुटून त्याचा वेल झालेला पाहणारांस सुमारें मिनिटभरांत दिसला. त्या वाटाण्याच्या वेलानें कर्ज देणारांची खात्री पटली, व पुढें ३ मे १९१३ रोजीं ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईस लोकांपुढें आला. फिती भोंकें पाडून तयार करणें, त्या रसायनांत धुणें, हीं कामें त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई शिकल्या. घरांतील चूल सांभाळून त्यांनीं हें नवें शास्त्र हस्तगत केलें, हें विसरूं नये.

शेतकरी म्हणेल, वाटाण्याची वाढ पाहण्यास आम्हांस यंत्र कशाला? ती तर आम्ही रोज पाहतों. खरें आहे. परंतु आपण जें रोज पाहतों तें दुसऱ्यास दाखवितां येत नाहीं. ज्यानें पीक महिनाभर पाहिलें त्याच्या डोळ्यांत तो महिना सांठतो व त्याच्याबरोबरच संपतो. फाळक्यांनीं तो महिना डोळ्यांबाहेर काढून ठेवला. चित्रपटाच्या शाळेंत शिकावयाचें तें हेंच. आणि त्यास लागणारा धीर, एका कुंडीपुढें महिनाभर बसण्याचा, तो तरुणापेक्षां म्हाताऱ्याजवळ व शहरवासीयापेक्षां शेतकऱ्याजवळ अधिक असतो.

उशीरा शिकूनहि मोठें काम होतें याचा पुण्यांतीलच दाखला द्यावयाचा तर सुमित्रा भावे यांचा द्यावा लागेल. त्या निवृत्त नव्हत्या. परंतु त्यांचें पहिलें आयुष्य निराळ्याच क्षेत्रांत गेलें होतें. १९४३ मध्यें जन्मलेल्या भावेबाई समाजकार्याच्या अभ्यासक व कर्वे समाजसेवा संस्थेंत अध्यापिका होत्या. ज्या बायांविषयीं आपण अहवाल लिहितों, त्या बायांस तो अहवाल वाचतां येत नाहीं, ही खंत त्यांस चित्रपटाकडे घेऊन आली. ‘बाई’ हा त्यांचा पहिला लघुपट १९८५ चा, म्हणजे वयाच्या ४२ व्या वर्षाचा. त्या कोणत्याहि चित्रपट-शाळेंत शिकल्या नव्हत्या; परंतु पुण्याच्या संस्थेंत शिकलेले सुनील सुकथनकर यांस बरोबरीनें घेऊन त्यांनीं पुढें दिग्दर्शन केलें. ‘दोघी’, ‘अस्तु’, ‘कासव’ हे चित्रपट या जोडीचे. ‘कासव’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचें राष्ट्रीय सुवर्णकमळ २०१७ मध्यें जाहीर झालें, तेव्हां भावेबाईंनीं सत्तरी ओलांडली होती. २०२१ मध्यें त्या निवर्तल्या. वयानें वडील असून लहानाबरोबर शिकत जावें, हा त्यांच्या कामाचा आमच्यापुरता बोध आहे.

आमची पहिली चूक

आतां आमचा अनुभव सांगतों. वर्गांत आम्ही वीस जण होतों व आमचे शिक्षक आमच्या मुलाहून लहान होते. पहिला मोठा स्वाध्याय असा होता कीं, कोणतेंहि एक काम दहा तुकड्यांत, एकहि शब्द न बोलतां दाखवावें. दौंड तालुक्यांत आमच्या मूळ गांवाजवळ गुऱ्हाळें चालतात. त्यांपैकीं एका गुऱ्हाळावर सत्तरी उलटलेले एक गुळवे होते; पंचक्रोशींत त्यांस आबा म्हणत. त्यांच्या हातचा गूळ पेठेंत ओळखला जाई. आम्हीं त्यांचेंच चित्रण करण्याचें ठरविलें.

गुऱ्हाळ ज्यांनीं पाहिलें आहे त्यांस सांगणें नको कीं, सारें कसब शेवटच्या थोड्या वेळांत असतें. रस काहिलींत उकळतो, रानभेंडीच्या चिकट पाण्यानें मळी वर येते, ती काढून टाकतात, रसाचा पाक होतो. आणि मग एक क्षण असा येतो कीं काहील त्याच क्षणीं उतरविली पाहिजे. उशीर झाला तर पाक करपून गूळ काळा पडतो. घाई झाली तर ढेप बसत नाहीं, पाघळते. उष्णतामापक लावला तर सुमारें ११८ अंश सेल्सियस हा आंकडा सांपडतो. परंतु ऊस कोणत्या जातीचा, कोणत्या जमिनींतला, तोडून किती वेळ झाला, यांवर तो क्षण मागेंपुढें होतो. आबांजवळ मापक नव्हता. पाकाचा थेंब थंड पाण्यांत टाकून त्याची गोळी बोटांनीं दाबून ते पाहात. आणि त्याहीपूर्वीं उकळीचा आवाज ऐकून पाण्याचें भांडें जवळ ओढीत.

आम्हीं मोठ्या उत्साहानें चित्रण केलें. जाळाच्या उजेडांत आबांचा सुरकुतलेला चेहरा फारच देखणा दिसत होता. आम्हीं दहांपैकीं सात तुकडे चेहऱ्यावर खर्च केले व वर सनईचे सूर जोडले. वर्गांत तो तुकडा दाखविल्यावर टाळ्या पडल्या. शिक्षक मात्र थोडा वेळ गप्प राहिले व म्हणाले, “काका, हें पाहून मला गूळ करतां येईल का?”

आम्हांस राग आला, हें कबूल केलें पाहिजे. तीस वर्षें दुसऱ्यांस शिकविण्यांत घालविलेल्या मनुष्यास असा प्रश्न जड जातो. पुढल्या रविवारीं आबांच्या ओसरीवर त्यांस तीच फीत दाखविली. ती पाहून आबा म्हणाले, “साहेब, माझं तोंड कशाला एवढं काढलं? गूळ काय तोंडानं होतो व्हय?” म्हणजे ज्यानें कधीं शाळा पाहिली नाहीं त्यानें व ज्यानें चित्रपटाची शाळा पुरी केली त्यानें आमची एकच चूक दाखविली. हात दिसला नव्हता, गोळी दिसली नव्हती. आणि उकळीचा आवाज आम्हीं सनईखालीं स्वतःच बुजविला होता.

चूक कळली तोंवर ऊस संपत आला होता व गुऱ्हाळ बंद झालें. शेतीच्या कामाचें चित्रण करणारानें हें ध्यानांत ठेवावें, कीं येथें चुकलेला तुकडा उद्यां पुन्हां घेतां येत नाहीं. एक वर्ष थांबावें लागतें, व म्हाताऱ्या माणसांच्या बाबतींत वर्ष ही थोडी मुदत नव्हे. पुढील हंगामीं आम्ही गेलों तेव्हां आबा दुखण्यांतून उठलेले होते. हात कांपत होता. काहिलीवर नातू उभा होता आणि आबा बाजेवर बसून त्यास सांगत होते. आमचें मन खट्टू झालें. तरी कॅमेरा या वेळीं योग्य जागीं होता, म्हणजे नातवाच्या हातावर, आणि ध्वनिग्राहक आबांच्या व काहिलीच्या मध्यें. आबा काहिलीकडे पाहात नव्हते, ऐकत होते. “अजून न्हाई,” ते म्हणाले. उकळी जड झाली. “अजून न्हाई.” नातवानें गोळी दाबून पाहिली, व आजोबांकडे पाहिलें. “हां. काढ.”

ती फीत अकरा मिनिटांची आहे. तींत संगीत नाहीं. तो हंगाम आबांचा शेवटचा ठरला. नातू प्रत्येक हंगामाच्या आरंभीं ती एकदां लावतो. चेहरा पाहण्यासाठीं नव्हे, तर ‘अजून न्हाई’ आणि ‘काढ’ यांच्यामधलें अंतर ऐकण्यासाठीं, असें तो म्हणतो. शिक्षकांच्या प्रश्नाचें उत्तर आम्हीं एक वर्ष उशीरा, व अगदीं थोडक्यांत वेळ गांठून दिलें.

सावधगिरीच्या गोष्टी

या छंदांत उतरूं इच्छिणारांस चार गोष्टी सांगणें अवश्य आहे. पहिली गोष्ट पैशाची. निवृत्तीच्या वेळीं मिळालेली एकरकमी रक्कम यांत घालूं नये. जमीन तर नाहींच नाहीं. फाळक्यांनीं विमा गहाण टाकला म्हणून आपणहि टाकावा असें नव्हे. त्या महापुरुषाचा उत्तरकाळ विपन्नावस्थेंत गेला व १९४४ मध्यें नाशकास त्यांचें निधन झालें, हेंहि स्मरावें. आज खिशांतील भ्रमणध्वनि, एक तिपाई व एक लहानसा ध्वनिग्राहक एवढ्यावर आमच्यासारख्यांचें काम भागतें.

दुसरी गोष्ट मानाची. वर्गांत आपला हुद्दा घराबाहेरील जोड्यांबरोबर ठेवावा. तरुण मुलें काका, आजोबा म्हणून प्रेमानें वागवितात. परंतु आपण प्रत्येक गोष्टीस ‘आमच्या वेळीं’ असा आरंभ केला, तर तें प्रेम आठवडाभर टिकतें. तिसरी गोष्ट शरीराची. डोळे व कान तपासून घ्यावेत. अंधारांत फार वेळ बसणें व पडद्याकडे टक लावणें यांस मर्यादा घालावी. चौथी, आणि आमच्या मतें सर्वांत महत्त्वाची गोष्ट परवानगीची. ज्याचें चित्रण करावयाचें त्यास आधीं विचारावें, व तयार झालेली फीत सर्वांआधीं त्यास दाखवावी. चूक तोच दाखवील.

संघाचें काम

चित्रपट ही श्रीमंतांचीच चैन, अशी समजूत असेल तर दोन उदाहरणें सांगून आम्ही ती दूर करूं. १९७६ चा ‘मंथन’ हा श्याम बेनेगल यांचा चित्रपट गुजराथच्या सहकारी दूधसंघांतील पांच लाख शेतकऱ्यांनीं प्रत्येकीं दोन रुपये देऊन काढला. २०२४ मध्यें त्याची जीर्णोद्धार केलेली प्रत फ्रान्समधील कान येथील महोत्सवांत दाखविण्यांत आली. दुसरें उदाहरण तेलंगणांतील जहीराबादजवळच्या पस्तापूर गांवचें. तेथील कोरडवाहू शेती करणाऱ्या दलित स्त्रिया डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या आश्रयानें कॅमेरा शिकल्या. त्यांतील अनेकींस अक्षरओळख नव्हती. त्यांनीं शास्त्रांतील नांवें बाजूस ठेवून स्वतःचीं नांवें दिलीं. एका कोनांतून घेतलेलें चित्र तें पटेलाचें. दुसऱ्या कोनांतून घेतलेलें चित्र तें गड्याचें. आणि समोरासमोर, डोळ्यास डोळा भिडवून घेतलेलें चित्र तें संघाचें, कारण संघांत सर्व जणी एका पातळीवर बसतात. कॅमेरा कोठें ठेवावा हें याहून चांगलें कोणत्या शाळेनें सांगितलें असेल, असें आम्हांस वाटत नाहीं.

आपल्या संघाचे किती तरी सभासद आतां निवृत्तीच्या वयांत आहेत, आणि त्यांच्याहून वडील अशीं माणसें प्रत्येक गांवीं दोनचार उरलीं आहेत. तिफणीमागें चालतां चालतां चाड्यावर मूठ अशी धरावी कीं दाणा पातळ पडावा किंवा दाट पडावा. कणगींत राख व निंबाचा पाला घालून बियाणें कसें टिकवावें. विहिरीचा दगड कोरडा कसा रचावा, हें त्यांच्या हातांत आहे. आमच्या खात्याच्या पत्रकांत आम्हीं यांतलें पुष्कळसें लिहिलें; परंतु मुठीची सैल व घट्ट पकड लिहितां येत नाहीं, हें त्या वेळींहि आम्हांस ठाऊक होतें.

म्हणून आमची सूचना अशी कीं, प्रत्येक तालुक्यांतील एका तरी निवृत्त सभासदानें येत्या वर्षांत यांपैकीं एखाद्या वर्गास जावें; परतल्यावर एकाच माणसाचें एकच काम चित्रित करावें; त्यावर माणसाचें नांव, गांव, तारीख व पिकाची जात लिहावी; आणि एक प्रत त्या घरीं व एक संघाच्या कचेरींत ठेवावी. नट व्हावयाचें आहे काय, असें घरच्यांनीं विचारल्यास रागावूं नये. पडद्यावर दुसऱ्याचा हात दिसावा म्हणून आपण शाळेंत जात आहों, असें सांगावें. आणि ज्याचा हात दाखवावयाचा आहे त्याच्याकडे हंगाम संपण्यापूर्वीं जावें.